कुंडल रोडची वाडी झाली तेव्हा

माझ्या माहेरच्या कपाटात पत्रांची एक पिशवी आहे. तीत आजीला तिच्या भावांनी पाठवलेली कार्डं आहेत. घर एकच, दार तेच, पण पत्ते तीन. जुन्या कार्डांवर 'किर्लोस्करवाडी, औंध संस्थान' आहे. मग काही वर्षं 'जिल्हा दक्षिण सातारा' आणि 1960 नंतर 'जिल्हा सांगली'. संस्थान गेलं, जिल्हा फुटला, जिल्ह्याचं नाव बदललं, आणि एवढ्या काळात आजी चुलीपासून शेगडीपर्यंतच काय ती सरकली होती. स्मरणिकेसाठी वाडीचा इतिहास लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी ही पिशवी उघडली. कारखान्याचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, चांगला लिहिला आहे. आपल्याला इथं लिहायचं आहे ते कारखान्याभोवती माणसांनी कसा संसार थाटला त्याबद्दल.

पुणे–मिरज रेल्वेमार्गावर पूर्वी 'कुंडल रोड' नावाचं लहानसं स्टेशन होतं. कुंडल गाव तिथून थोडं आत. स्टेशनाच्या आसपास माळ, निवडुंग आणि साप. 1910 साली त्या माळावरच्या 32 एकर जागेत लक्ष्मणराव किर्लोस्कर आपलं बिऱ्हाड आणि यंत्रं घेऊन आले. बहुतेक ठिकाणी गावाच्या नावावरून स्टेशनला नाव पडतं. इथं स्टेशनवर उतरलेल्या माणसांनी गाव वसवलं, आणि पुढे स्टेशननेच कुंडल रोड हे नाव सोडून गावाचं नाव घेतलं.

लक्ष्मणराव मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. 1888 साली त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्यातून चारा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. नगरपालिकेला तिथं नवी वस्ती वसवायची होती, म्हणून कारखान्याला ती जागा सोडावी लागली.

अशा अडचणीत हात दिला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. बाळासाहेब 1909 मध्ये गादीवर आले होते. देवळाच्या सभामंडपाच्या कामानिमित्त लक्ष्मणरावांची आणि त्यांची आधीपासून ओळख होती. 'आमच्या संस्थानात या, जागा देतो,' असा त्यांचा निरोप होता. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारा, स्वतः चित्रं काढणारा, कीर्तन करणारा हा राजा. राजाही चित्रकार, आणि ज्याला त्याने जागा दिली तोही एके काळी चित्रकार व्हायला निघालेला. वाडीच्या जन्माची ही बाजू मला फार महत्त्वाची वाटते. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी आणि तिथला घराघरांत गेलेला प्रभाकर कंदील हीदेखील याच संस्थानाच्या आश्रयाची देणगी.

माळावर नुसता कारखाना उभारायचा असता तर चार पत्रे आणि एक धुराडं पुरलं असतं. पण कामगार घ्यायचा म्हणजे त्याची बायको आली, तान्हं मूल आलं, म्हातारी आई आली. पाणी कुठून आणायचं? बाळंतपणाला सुईण कोण? मुलांना अक्षरं कोण शिकवणार? निवडुंग तोडून काढलेल्या जागेत पहाटे पाय टाकताना कंदील वर धरायचा की खाली? हे प्रश्न यंत्राच्या नकाशात नसतात. लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी वसाहतीचं काम अंगावर घेतलं. घरांच्या ओळी, रस्ते, झाडं, पाणी, स्वच्छता, सगळं. वाडीत आजही रस्ते सरळ आहेत आणि झाडांची सावली दाट आहे, त्यामागे हा माणूस आहे. लक्ष्मणरावांचे त्या वेळी सात वर्षांचे असलेले चिरंजीव शंतनुराव पुढे मोठे उद्योगपती झाले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राचं नाव 'कॅक्टस अँड रोझेस' ठेवलं. त्या नावातला निवडुंग आपल्याच माळावरचा.

पहिली वर्षं सोपी नव्हती. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. तयार झालेले नांगर दोन वर्षं पडून राहिले. इतिहासात हे वाक्य एका दमात वाचून आपण पुढे जातो. माझं मन मात्र तिथंच घुटमळतं. ज्या कारखान्याचा माल दोन वर्षं विकला जात नाही, त्याच्या आवारात राहणाऱ्या घरांत त्या दोन वर्षांत काय शिजत असेल? उधारी किती झाली असेल? कुणाकुणाच्या माहेरहून 'परत या' म्हणून निरोप आले असतील? याची नोंद कुठेच नाही. एवढं मात्र खरं की माणसं टिकली, आणि एकदा नांगर शेतात उतरल्यावर जमीन खोल उलटते हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलं, मग त्याला सांगावं लागलं नाही.

कोण होती ही माणसं? के. के. कुलकर्णी शाळेत न रमलेले, खोडकर म्हणून नाव झालेले. ते इथं कारभार सांभाळू लागले. शंभूअण्णा जांभेकरांनी शिक्षण अर्धवट सोडलेलं, ते यंत्रांचे जाणकार झाले. अनंतराव फळणीकरांचीही शाळा सुटलेली, पण डोक्यात कल्पना फार. मंगेशराव रेगे कारकून म्हणून लागले आणि सगळे हिशेब त्यांच्या हाती आले. बाहेरच्या जगाने ज्यांना नापास म्हणून बाजूला ठेवलं, त्यांना इथं काम मिळालं आणि कामातून मान मिळाला. रात्रीच्या पहाऱ्यावर होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांवरही दरोडेखोरीचा शिक्का होता. लक्ष्मणरावांनी तिजोरी असलेल्या कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्या भरवशावर सोडल्या, आणि तो भरवसा खरा ठरला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. 1910 नंतरच्या त्या काळात, आजूबाजूच्या गावांत पाणवठे वेगळे असताना, हा दंडक किती अवघड होता याची कल्पना आज करणंही कठीण आहे.

इथं मला एक बोलायचं आहे. जुन्या लिखाणात बाकीच्यांच्या नावापुढे 'राव' आहे, 'अण्णा' आहे. या दोन पहारेकऱ्यांची नावं मात्र नुसती, जातीसकट आणि एकेरी. ज्यांनी वाडीला रात्री शांत झोपू दिलं त्यांच्या बायकामुलांची नावं तर कुठेच नाहीत. दंडक मोठा होता, तो पाळलाही गेला, पण लिहिणाऱ्याच्या लेखणीपर्यंत तो पोचायला वेळ लागला. आपण आज लिहितो आहोत तर हे लिहून ठेवलं पाहिजे. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांचंही तसंच. माळावर पहिली चूल ज्यांच्या घरात पेटली त्या बाईंचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेला सापडतो.

1920 साली कारखान्याची कंपनी झाली, आणि त्याच वर्षी वाडीत आणखी एक काम सुरू झालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार, व्यंगचित्रकार. काकांना ज्या रंगांनी चकवलं ते पुतण्याच्या हातात चांगले बसले होते. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रक काढलं. नांगर कसा वापरावा, यंत्राची निगा कशी राखावी, असा त्याचा साधा रोख. पण हळूहळू त्यात माणसं येऊ लागली, उद्योगाच्या कहाण्या आल्या, गोष्टी आल्या, समाजातल्या रूढींवर लेख आले. पुढे नावातली 'खबर' गळली आणि 'किर्लोस्कर' हे मासिक उरलं. 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. विचार करा, जिथं वीस वर्षांपूर्वी निवडुंगाचं रान होतं तिथून तीन मासिकं महाराष्ट्रभर जात होती. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून लोकांनी वाचले. 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हनकर या मासिकांच्या परिवारातले आणि वाडीचे रहिवासी. पोस्टाच्या थैल्या स्टेशनवर जायच्या त्यांत नांगराच्या फाळांची पत्रं असायची आणि वाचकांची सुखदुःखंही.

'स्त्री'बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. वाडीतल्या बायकांना हे मासिक दुसऱ्या गावाहून आल्यासारखं कधी वाटलं नाही. ते आपल्या गल्लीच्या पलीकडे छापलं जात होतं. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. दुपारी मागची भांडी झाली की ती पदराला हात पुसत ओट्यावर बसायची आणि शेजारच्या काकू मोठ्याने वाचायच्या. सून सासूला उलट बोलली, मुलीने दुसरेपणावर द्यायला नकार दिला, विधवेने पुन्हा लग्न केलं, असं काही आलं की वाचन थांबायचं आणि ओट्यावर वाद व्हायचा. आजीचं मत बहुतेक वेळा जुन्या बाजूला असायचं. पण पुढचा अंक आला का, हे विचारणारीही तीच असायची. माझ्या आईला सातवीनंतर शाळेत ठेवायचं की नाही हा प्रश्न आला तेव्हा आजी म्हणाली, 'ठेवा. मला कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे.' आमच्या घरात शिक्षण आलं ते असं. मासिकं पुढे पुण्याला गेली. 'स्त्री'च्या संपादनात नंतर विद्या बाळ आल्या आणि तिथून निघून त्यांनी 1989 मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. पण त्या सगळ्याचं मूळ आपल्या वाडीतल्या छापखान्यात आहे, हे सांगताना मला आजही भरून येतं.

वाडीतलं घरचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. माझे वडील फौंड्रीत मोल्डर होते. पहिल्या भोंग्याला आई चहाचं आधण ठेवायची, दुसऱ्याला डबा बांधून व्हायचा, आणि तिसरा होईपर्यंत वडील फाटकाच्या आत गेलेले असायचे. भोंगा झाला की कुणाच्याही घरात भाताखालची शेगडी मंद व्हायची. शेजारणींच्या घरात लेकरू जन्मलं तर वेळ सांगताना 'दुपारच्या भोंग्याच्या जरा आधी' असं सांगत. वडिलांच्या बनियनला पोटावर बारीक बारीक भोकं असत, ओतकामाच्या ठिणग्यांची. आई ती शिवायच्या भानगडीत पडत नसे. नवं बनियन दिवाळीला, आणि दिवाळीतलं बनियन पाडव्यानंतर पुन्हा फौंड्रीत. वडील घरी आले की आधी मोरीत जायचे, काळी माती धुऊन निघेपर्यंत आम्हा मुलांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. त्या काळ्या मातीला एक वास असतो, तेलकट, जळका. वाडीतल्या कुणालाही तो वास आला तर बाप आठवतो.

सण सगळ्यांचे होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, लेथला झेंडूचा हार आणि आमच्या हातात फुटाणे, बत्तासे. गणपतीत नाटक. कारकून, फिटर, मोल्डर एका मंडपाखाली उभे असत, आणि तालमी रात्री जेवणं झाल्यावर. हळदीकुंकवाला कुणाच्या घरी कोण जातं यावरून साहेबांच्या बंगल्याची आणि लाइनीतल्या खोलीची पायरी लक्षात यायची, हे मी लपवणार नाही. ते अंतर होतं. पण लग्नाला भांडी लागली, बाळंतिणीला डिंक लागला, रात्रीअपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं, की ज्याच्याकडे असेल तो द्यायचा. दत्तजयंतीला आणि गुरुपौर्णिमेला औदुंबरला सगळी वाडी जाई, कृष्णेच्या पाण्यात पाय बुडवून घरून नेलेली भाकरी-पिठलं खाई.

आजूबाजूच्या गावांशी वाडीचं नातं दाट होतं, कारण कामावर येणारे कितीतरी हात कुंडल, पलूस, बुर्ली, रामानंदनगर अशा ठिकाणांहून सायकलवर येत. कुंडल म्हणजे जी. डी. बापू लाड यांचं गाव. 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र. औंध संस्थानात 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना लागू झाली होती. इंग्रजी हद्दीत ज्यांच्यावर पकडवॉरंट होतं त्यांना संस्थानाच्या हद्दीत आसरा मिळे. हे वारे वाडीच्या फाटकाबाहेर थांबणारे नव्हते. आजोबा सांगत, त्या वर्षांत रात्री दार वाजलं तर आधी दिवा लावायचा नाही, आधी आवाज ऐकायचा.

1948 च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत आपला कारखाना पेटवला गेला. या प्रसंगावर जुनी पिढी फार कमी बोलली आहे. आजी त्या दिवसांबद्दल विचारलं की उठून आत जायची. ज्या हातांनी काही जाळलं ते परके नव्हते आणि ज्या हातांनी वाचवलं तेही परके नव्हते, म्हणून कदाचित. मला त्यात कुणाला दोष वाटून द्यायचा नाही. पण स्मरणिकेत हे पान कोरं ठेवणं खोटं होईल. राखेतून कारखाना पुन्हा उभा राहिला, भोंगा पुन्हा झाला, आणि सायकली पुन्हा फाटकाशी लागल्या. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झालं. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले.

तोवर वाडीची फांदी लांबवर गेली होती. 1941 मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला कारखाना निघाला, 1946 मध्ये बंगळूर आणि पुण्यात. या प्रत्येक ठिकाणी वाडीतून माणसं गेली. फिटर गेला की त्याच्या मागे त्याचा संसार गेला, लोणच्याच्या बरण्या आणि पाटावरवंट्यासह. हरिहरला गेलेल्या बायका दोन वर्षांत कन्नड बोलू लागल्या, पण उन्हाळ्यात मुलांना घेऊन वाडीलाच येत. आमच्या लहानपणी मे महिन्यात अंगणात पुण्याची, बंगळूरची, हरिहरची मुलं एकत्र आट्यापाट्या खेळत. कुणी कानडी हेल काढून बोलायचं, कुणी पुणेरी. संध्याकाळी हाक मारायला सगळ्यांच्या आज्या मात्र एकाच ओळीतल्या दारांत उभ्या असायच्या.

आता त्या ओळीतली बरीच दारं बंद आहेत. भोंग्याच्या हिशेबाने चहा ठेवणारी शेवटची पिढी ऐंशी-नव्वदीत आहे. कारखान्याची कागदपत्रं जपून ठेवलेली असतात, नांगराचा जुना नमुना काचेत असतो. घरांचे कागद कुणी जपत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खणात वाडीचं काही असेल तर ते रद्दीत घालू नका. पगाराचं पाकीट, लग्नपत्रिका, नाटकाचं हस्तपत्रक, 'स्त्री'चा फाटका अंक, कार्डं, काहीही चालेल. गणपतीच्या मंडपातला किंवा अंगणातला घोळक्याचा फोटो असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी आजच बसा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहून घ्या. बायकांची माहेरची नावंही लिहा. पहाऱ्यावर कोण होतं, सुईण कोण होती, पाणी कोण भरत होतं, हेही लिहा. पुढच्या अंकात आपल्याला ती नावं छापायची आहेत.